जंप कट म्हणजे काय रे भाऊ?

परवा एका मित्राचा लेख वाचत होतो. मस्त चालला होता. गावची शाळा, गळकं छप्पर, पावसात भिजलेली दप्तरं वगैरे. आणि मध्येच एक ओळ आली : "जंप कट. वीस वर्षांनंतर, मुंबई."

झालं. माझं वाचन तिथंच थांबलं.

राग मित्रावर नाही. हल्ली सगळेच असं लिहितात. काळ बदलला की जंप कट, गाव बदललं की जंप कट. मीही पूर्वी दोन-तीनदा लिहिलंय, उगाच खोटं कशाला बोला! पण त्या शब्दाचा अर्थ तो नाही. आणि "असेना का, भावना पोचल्याशी मतलब" असं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, असं माझं मत आहे. का, ते सांगतो. जरा लांबण लागेल. घरच्या मंडळींनी तर शेवटपर्यंत वाचाच, कारण यात आबांचा विषय आहे.

आधी जंप कट काय नाही ते बघू. शोलेमध्ये (१९७५) गब्बरच्या हातातल्या तलवारी खाली येतात आणि पुढच्याच क्षणी आपण वर्तमानात असतो. ठाकूर उभा आहे, शाल घसरते आणि आपल्याला कळतं की हात नाहीत. मोठी उडी आहे, पण तो जंप कट नव्हे. पळणाऱ्या पोराचे पाय दाखवून त्याच पायांचा तरणाबांड हीरो करायची आपल्याकडे जुनी पद्धत, तोही जंप कट नव्हे. कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त (१९६८) माकडानं वर फेकलेल्या हाडाचं अंतराळयान होतं. लाखो वर्षांची उडी. तरीही जंप कट नव्हे, त्याला मॅच कट म्हणतात. या सगळ्या ठिकाणी चित्र पूर्ण बदलतं, म्हणून डोळ्यांना धक्का बसत नाही. उलट सांधा इतका बेमालूम असतो की आपण खूश होतो.

जंप कट याच्या बरोब्बर उलटा. कॅमेरा आहे तिथंच, माणूस तोच, कोनही जवळपास तोच. मधला तुकडा तेवढा कापून काढलेला. मग काय होतं, की माणूस जागच्या जागी टुणकन उडतो. डोकं डावीकडे होतं ते एकदम उजवीकडे. हातात चहाचा कप होता, तो नाहीसा. म्हणून एडिटिंग शिकवणारे पहिल्या आठवड्यातच सांगतात की कट मारताना कॅमेऱ्याचा कोन निदान तीस अंशांनी तरी बदललेला हवा, नाहीतर चित्र उडी मारेल. बरीच वर्षं ही उडी म्हणजे चूकच समजली जायची. मग १९६० साली गोदारनं 'ब्रेथलेस' काढला. सिनेमा लांबला होता, तेव्हा अख्खे प्रसंग काढण्यापेक्षा शॉटच्या पोटातूनच तुकडे काढले असं सांगतात. मोटारीत बसलेल्या नायिकेची मान आपल्याला मागून दिसते, ती तशीच राहते आणि बाहेरचं पॅरिस मात्र उड्या मारत राहतं. लोक चक्रावले, आणि चुकीची शैली झाली.

थोडक्यात काय, तर जंप कटमध्ये काहीतरी काढून टाकलेलं असतं आणि ते काढल्याचं दिसतं. माझ्या मते दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. "दिसतं."

आता तुम्ही म्हणाल, जालन्यात बसून हा गोदारबिदारच्या गोष्टी काय सांगतोय! तर मंडळी, २००१ ते २००६ अशी पाच वर्षं मी जालन्यात लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग केलंय. आमच्याकडे एडिटिंग कुणी म्हणत नसे, मिक्सिंगच म्हणायचे. आधी दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर, नंतर कॉम्प्युटर. फिरणारं बदाम, उघडणारं गुलाबाचं फूल, नवरीच्या चेहऱ्याभोवती चांदण्या, हे सगळं पाप आम्ही केलेलं आहे. :)

त्या धंद्यात सगळ्यात आधी काय शिकलो असेन, तर जंप कट लपवायला. शूटिंगवाला अंतरपाट धरल्यापासून एकाच जागी कॅमेरा लावून उभा असायचा. अर्धा तास मंगलाष्टका. कॅसेटमध्ये ठेवायच्या चार मिनिटं. मधलं कापलं की भटजी उडी मारणार. मग मधे काय टाकायचं? वऱ्हाडी मंडळी. हातात अक्षता धरून बसलेल्या आजीबाई, पेंगणारं लेकरू, मावशीच्या गळ्यातला हार, बँडवाला. दोन-तीन सेकंद दुसरीकडे बघायचं आणि परत भटजीवर यायचं. बघणाऱ्याला वाटतं सलगच चाललंय. याला कटअवे म्हणतात. आमच्याकडे शूटिंगवाल्याला ठरलेली सूचना असायची, "वऱ्हाडाचे शॉट भरपूर आण रे." का, ते त्याला माहीत असायचं आणि मला.

एकदा एका लग्नात मानपानावरून नवरदेवाच्या मामांनी मांडवातच तमाशा केला. नवरीचे वडील हात जोडून उभे, सगळं कॅमेऱ्यात आलेलं. मी ती चाळीस सेकंदं काढली आणि तिथं पंगतीत जिलेबी वाढतानाचे शॉट लावले, वर एक सिनेमाचं गाणं. कॅसेट न्यायला नवरीचे वडील स्वतः आले होते. दुकानात बसून त्यांनी तो भाग पाहिला, काही बोलले नाहीत, ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त ठेवून गेले. त्या लपवण्याची मला आजही लाज वाटत नाही. ती कॅसेट त्यांच्या घरची होती. तिच्यावरून कुणी कुणाचा निवाडा करणार नव्हतं.

बातमीचं तसं नसतं. आता आबांकडे येतो.

२०१३ चा उन्हाळा आठवतोय ना? २०१२ ला पावसानं दगा दिला होता आणि जालना जिल्हा तेव्हा दुष्काळाच्या बातम्यांचं माहेरघर झाला होता. मोसंबी आमच्या जिल्ह्याची शान. मोसंबीची बाग म्हणजे काही सोयाबीन नव्हे, की यंदा गेलं, पुढच्या वर्षी पेरू. लावल्यापासून चार-पाच वर्षांनी फळ, आणि एकदा झाड वाळलं की दहा-बारा वर्षांची मेहनत सरपणात. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवली. ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. आमचं गाव अंबड तालुक्यातलं. आबांची बाग तेव्हा निम्मी वाळली होती.

अशात एक टीव्हीवाले आले. चॅनेलचं नाव घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. आबा बांधावर उभे राहून बोलले. मी शेजारीच होतो आणि चुलतभाऊ हौसेनं मोबाइलवर सगळं टिपत होता. मागं टँकरमधून पाणी पडत होतं, त्याचा आवाज. आबा म्हणाले (मोबाइलवरून पुन्हा ऐकून जसंच्या तसं लिहितोय) :

"आमचीच चूक हाय म्हणतेत लोकं. बोअरं आम्हीच पाडली म्हणतेत. पाडली ना, मी कुठं नाही म्हणलो? पण कॅनॉलचं पाणी येणार म्हणून बाग लावली, अन् पाणी चारीला आलंच नाही. मग झाडाला काय रोज हात जोडायचे का?"

रात्री बातमीत आबा आले. घरात सगळे टीव्हीसमोर. आबा म्हणाले, "आमचीच चूक हाय." मग भेगाळलेल्या जमिनीचा शॉट, वरून आबांचाच आवाज, "बोअरं आम्हीच पाडली." मग हंड्यांची रांग. मग परत आबांचा चेहरा, बोलणं संपवून गप्प उभे असलेले. खाली पट्टी : शेतकऱ्याची कबुली.

बस्स. चौदा सेकंद.

मराठी वाक्याची एक गंमत बघा. इंग्रजीत "लोक म्हणतात" हे आधी येतं आणि मग लोक काय म्हणतात ते. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, आधी म्हणणं सांगून टाकतात आणि "म्हणतेत" शेवटी येतं. म्हणजे शेपूट छाटलं की दुसऱ्याचा आरोप तुमचा कबुलीजबाब होतो. अर्ध्या सेकंदाचं काम आहे. आबांच्या दोन वाक्यांची दोन शेपटं छाटली, पुढचं सगळंच काढलं, आणि सांधे झाकायला भेगा आणि हंडे लावले. मी मिक्सिंगवाला, माझ्या कानाला लगेच कळलं. टँकरच्या पाण्याचा आवाज मध्येच तुटून पुढे लागत होता. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नव्हतं.

त्या भेगांबद्दलही बोलायला पाहिजे. काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, तो तिचा गुणच आहे. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही आमच्याकडे मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकरी त्याला दुष्काळ म्हणत नाही, उन्हाळा म्हणतो. आणि बातमीतली जमीन शेतही नव्हती, कुठल्या तरी तलावाचा आटलेला तळ होता. म्हणजे तो शॉट काही सांगायला आलाच नव्हता. झाकायला आला होता. रशियात कुलेशोव्हनं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे सुपाची वाटी दाखवली तर तो भुकेला वाटतो आणि शवपेटी दाखवली तर दुःखी. आबांच्या चेहऱ्यापुढे भेगा दाखवल्या, आबा अपराधी दिसले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन, "आबा, टीव्हीवर तुम्ही स्पष्ट बोललात हो, हिंमत लागते." पारावर लोक, "आबानं कबूल केलं बरं का." आबांनी मला दोनदा विचारलं, "मी म्हणतेत म्हणलो होतो का नाही?" मी म्हटलं, म्हणालात. मग म्हणाले, "तू मिक्सिंगचा माणूस. कसं केलं, दाखव." मोबाइलचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं आणि त्यांच्यासमोर तेच कापून दाखवलं. आधी भेगा न लावता. आबांची मान टचकन उडाली. मग वर एक शॉट टाकला, उडी गायब. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कापायचं तर कापा. टीव्हीवाल्याला काय टाइम नसतो. पण मधी भोक तरी दिसू द्यायचं."

जंप कटची यापेक्षा चांगली व्याख्या मला माहीत नाही.

छापील मजकुरात हे आपण केव्हाच मान्य केलंय. कुणाचं बोलणं उद्धृत करताना मधलं गाळलं तर तीन टिंबं देतात. गाळायला बंदी नाही, पण टिंबं द्या. सरकारी कागदावर खाडाखोड केली तर शेजारी सही करावी लागते. हाताचा सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, जुन्या खातेदाराचं नाव खोडून नाहीसं करत नसत, त्याला कंस करत आणि फेरफाराचा नंबर लिहीत. पुढच्या माणसाला कळावं की इथं बदल झालाय, आणि हवं तर त्यानं फेरफार काढून बघावा. जंप कट म्हणजे ती तीन टिंबं, तो कंस. बातमीतल्या मुलाखतीवर लावलेला कटअवे म्हणजे व्हाइटनर. तलाठ्यानं व्हाइटनर लावला तर आपण तहसील गाठू. टीव्हीवर लावतात, तर आपण म्हणतो काय सुंदर शूटिंग आहे!

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. पहिलं, "अरे, उड्या मारणारं चित्र बघायला वाईट दिसतं." दिसू दे की! सातबाऱ्यावरचा कंस काय सुंदर दिसतो? दुसरं, "कापल्याशिवाय बातमी होतच नाही." मान्य. आबांनाही मान्य होतं. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, लांबच लांब शॉट, काही लोक कंटाळतातही. पण त्यातली एक गोष्ट बघा. कॅमेरा कापत नाही, पण न्यायाधीश साक्ष ऐकून स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात आणि तेवढंच रेकॉर्डवर जातं. एडिटिंग तिथंही आहेच. फरक इतकाच की ते आपल्यादेखत होतं. साक्षीदार समोर उभा आहे, वकील हरकत घेऊ शकतो. आबांना हरकत घ्यायला कुठं जागा होती?

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे. "आता तर मोबाइलवरच्या प्रत्येक व्हिडिओत जंप कट असतो. पोरं दर दोन सेकंदांनी टुणटुण उडतात. मग त्याला प्रामाणिक कसं म्हणणार?" खरंय. भाचीचे व्हिडिओ मी बघतो. श्वास घेतलेलासुद्धा कापून टाकते. सगळंच उडायला लागलं की कुठली उडी महत्त्वाची ते कळत नाही. पण भाची स्वतःचंच बोलणं कापते, स्वतःच्याच तोंडाने. दुसऱ्याचं बोलणं कापणाऱ्याची जबाबदारी वेगळी. आणि गंमत म्हणजे जिथं उडी दिसायला हवी तिथंच ती घालवायची सोय जोरात वाढतेय. अ‍ॅडोबीच्या प्रीमियर प्रो सॉफ्टवेअरमध्ये २०१५ साली मॉर्फ कट नावाची सोय आली. मुलाखतीतला तुकडा काढला की दोन्ही बाजूंचे चेहरे मिसळून मधली चित्रं ते सॉफ्टवेअरच तयार करतं. भेगा नकोत, हंडे नकोत. माणूस सलग बोलतोय असंच दिसतं, आणि मधला जो चेहरा दिसतो तो त्या माणसाचा कधी नव्हताच. आबांच्या वेळी निदान पाण्याचा आवाज तरी तुटला होता.

१ सप्टेंबर २०२३ ला आमच्याच अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला लाठीमार झाला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे कॅमेरे पुन्हा इकडे वळले. पोलीस म्हणाले आधी दगड आले, आंदोलक म्हणाले आधी लाठ्या आल्या. मी इथं कुणाची बाजू घेत नाही. एवढंच म्हणतो की "आधी काय" हा प्रश्न एडिटिंगचा प्रश्न आहे. क्लिप कुठं सुरू होते, कुठं तुटते, मधे काय गेलं, हे विचारायची सवय नसेल तर जो शेवटी कापेल त्याचं खरं.

आणि ती सवय लागायला शब्द लागतो. शब्दाबद्दल मी एवढा का चिडलोय, त्याचं कारण हे. जंप कट म्हणजे "वीस वर्षांनंतर" असं ठरलं की दुसऱ्या गोष्टीला नावच उरत नाही. ज्या गोष्टीला नाव नाही ती दिसली नाही तरी कुणी शोधत नाही. काळ पुढं गेला हे सांगायला आपल्याकडे शब्दांची कमी आहे का? "पुढे वीस वर्षांनी" लिहा. "मधे बरंच पाणी वाहून गेलं" लिहा. अगदीच सिनेमा अंगात आला असेल तर "कट टू" लिहा. जंप कट मात्र त्या भोकासाठी राहू द्या.

जाता जाता फाळक्यांची एक गोष्ट. राजा हरिश्चंद्र (१९१३) काढण्याआधी, १९१२ साली, भांडवल मिळावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभराहून जास्त काळ कॅमेरा तिथंच, एकेक चौकट घेत राहिले. मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. पडद्यावर बघता बघता दाण्याचा वेल. आमच्या जालन्याची ओळखच बियाण्यांचं शहर अशी, त्यामुळे मला या गोष्टीचं जास्त कौतुक. हा काही जंप कट नव्हे. पण दोन चौकटींच्या मधला सगळा वेळ गाळलेला, आणि गाळलाय हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं, कारण वाटाणा मिनिटभरात वाढत नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. फसवणूक कुणाचीच झाली नाही. पैसेही मिळाले.

असो. आता घरच्यांसाठी.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो, बागेचा विषय निघाला, आणि एक भाऊ अगदी सहज म्हणाला, "आबांनी तर स्वतःच कबूल केलं होतं ना टीव्हीवर." त्याची चूक नाही. त्यानं जे पाहिलं तेच तो बोलला. मी तेव्हा गप्प बसलो, लेकरांसमोर वाद नको म्हणून. तो मोबाइल आता चालत नाही, पण रेकॉर्डिंग माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. एक मिनिट दहा सेकंद, न कापलेलं. ज्याला हवं त्यानं मागून घ्या आणि ऐका. मागं टँकरचं पाणी पडतंय, ते कुठंही तुटत नाही. आणि दोन्ही वाक्यांच्या शेवटी आबा स्पष्ट म्हणतात : म्हणतेत.